बैठकीची खोली

१९६२ साली 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन साप्ताहिकाने एका लेखाला जे शीर्षक दिले, त्याचा मराठीत अर्थ 'गुडघा वाकवण्यासाठी नसतो' असा होतो. शीर्षके खपासाठी असतात हे मान्य केले, तरी या विधानापाशी थोडे थांबावेसे वाटते. माणसाच्या शरीरात गुडघ्याला दुसरे काम ते काय? ज्या सांध्याचा सारा व्यवहारच वाकण्या-उलगडण्याचा, तो वाकवण्यासाठी नाही असे एका सुशिक्षित, खेळांवर प्रेम करणाऱ्या समाजाला सांगता यावे आणि त्या समाजातील शिक्षकांनी, प्रशिक्षकांनी ते पुढची दोन-अडीच दशके प्रमाण मानावे, ही घटना वैद्यकाच्या इतिहासात जितकी जमा होते तितकीच वाचनाच्या इतिहासातही. आमच्या नेहमीच्या वाचकांना आजचा विषय परका वाटला तर त्यात नवल नाही. पण एखादा निबंध कसा वाचला जातो, त्यातले काय उचलले जाते आणि काय गळून पडते, हा प्रश्न या पानांवर नवा नाही. या वेळी निबंध गुडघ्याविषयी आहे, एवढेच. (आमची अक्कल तेथे असल्याचा निष्कर्ष काढण्याची घाई वाचकांनी करू नये, ही विनंती.)

प्रथम शब्दांविषयी. इंग्रजीतील 'स्क्वॉट' या एका शब्दात दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक, उकिडवे बसणे, म्हणजे विसाव्याची किंवा कामाची स्थिती. दुसरी, खाली बसून पुन्हा उठणे, म्हणजे व्यायाम. मराठीने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. पहिलीला आपण 'उकिडवे' म्हणतो, दुसरीला 'बैठक'. हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा नाही. पुढे आपण पाहणार आहोत त्या साऱ्या वादात या दोन गोष्टींची गल्लत वारंवार झालेली आहे, आणि ज्यांच्या भाषेत त्यांना दोन शब्द आहेत त्यांनीही ती केली आहे. लेखाच्या शीर्षकातील 'खोली' अर्थातच दिवाणखाना नव्हे. बैठक मारताना नितंब किती खाली न्यायचे, मांडी जमिनीला समांतर होताच थांबायचे की पोटरीला टेकेपर्यंत जायचे, एवढाच तिचा विषय आहे.

खांद्यावर जड बारबेल घेऊन पूर्ण खाली बसण्याचा व्यायाम अमेरिकेत फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे जो 'डीप नी बेंड' केला जाई, तो बहुधा चवड्यांवर, टाचा उचलून आणि हलक्या वजनाने. पाऊल जमिनीवर सपाट ठेवून भारी वजनाची बैठक तेथे रुजवण्याचे श्रेय सामान्यतः हेन्री 'मायलो' स्टाइनबॉर्न या जर्मन मल्लाला दिले जाते. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रेलियात स्थानबद्ध होता आणि १९२१ साली अमेरिकेत आला. बारबेल खांद्याच्या उंचीवर धरून ठेवणारे घोडे तेव्हा नव्हते. स्टाइनबॉर्न बारबेल एका टोकावर उभी करी, तिच्या खाली शिरून ती खांद्यांवर आडवी घेई, त्याच हालचालीत तळापर्यंत बसे आणि मग उठे. हे पाहून अमेरिकेतील हौशी व्यायामपटूंची एक पिढी भारावली. तिसाव्या दशकात जे. सी. हाइझ याने एका दमात वीस बैठका आणि प्रत्येक बैठकीमागे खोल श्वास, असा क्रम प्रचारात आणला. नेब्रास्कातून पिअरी रेडर यांनी १९३६ साली 'आयर्न मॅन' मासिक सुरू केले आणि हा क्रम गावोगाव पोहोचवला. स्टाइनबॉर्न स्वतः १९८९ साली, वयाच्या ९५व्या वर्षी वारला. त्याच्या दीर्घायुष्यावरून गुडघ्यांविषयी काही सिद्ध होत नाही, पण बैठकीच्या समर्थकांनी ते सांगण्याची एकही संधी सोडली नाही.

स्पर्धात्मक भारोत्तोलनात मात्र खोलीचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. तेथे पूर्ण खाली बसणे हा पाय बळकट करण्याचा उपाय नसून उचल पुरी करण्याची युक्ती आहे. बारबेल जमिनीवरून वर खेचली की उचलणाऱ्याने तिच्या खाली जायचे असते. तो जितका खाली जाईल तितकी ती कमी उंच खेचावी लागेल, आणि जितकी कमी उंच खेचावी लागेल तितके अधिक वजन घेता येईल. जुने भारोत्तोलक एक पाय पुढे व एक मागे टाकून खाली जात. त्या 'स्प्लिट' पद्धतीत फार खाली जाता येत नसे. उकिडव्या स्थितीत बारबेल झेलण्याची 'स्क्वॉट' पद्धत तोल सांभाळायला कठीण, पण जमली की फायद्याची. ओहायोतील ऍक्रन येथे लॅरी बार्नहोल्थ यांनी ती पद्धतशीर शिकवली आणि १९५० साली तिच्यावर एक पुस्तकही लिहिले. त्यांचा शिष्य पीट जॉर्ज १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. (त्याच हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. जोर-बैठकांच्या तालमीतून आलेला एक गडी आणि बारबेलखाली उकिडवा बसणारा दुसरा एकाच महिन्यात एकाच गावी होते, याची आम्हांला उगाच गंमत वाटते.) पुढच्या दोन दशकांत स्प्लिट पद्धत मागे पडली. १९८८ साली सोलमध्ये ६० किलो गटात नईम सुलेमानोग्लू याने क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक वजन उचलले. ते छातीवर झेलताना तो पूर्ण खाली बसलेला होता. 'समांतर होताच थांबा' हा सल्ला त्याला द्यायचा तर त्याला खेळ सोडण्याचाच सल्ला द्यावा लागला असता.

हा सल्ला आला टेक्सास विद्यापीठातून. कार्ल क्लाइन हे तेथे शारीरिक शिक्षण व पुनर्वसन या विषयांचे अभ्यासक होते, आणि त्यांची चिंता भारोत्तोलकांची नव्हती. ती अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांची होती. त्या खेळात धावणाऱ्या गड्याच्या गुडघ्यावर बाजूने आघात होतो. असा आघात सोसायला गुडघ्याच्या दोन्ही अंगांचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, घट्ट असावे लागतात. याच सुमारास फुटबॉलच्या प्रशिक्षकांनी वजनांचा व्यायाम नुकता स्वीकारायला आरंभ केला होता. हा व्यायाम जर अस्थिबंध सैल करत असेल, तर मुलांना बळ देण्याच्या नावाखाली आपण त्यांचे गुडघे मैदानात मोडायला पाठवतो आहोत, अशी क्लाइन यांची शंका होती. ती प्रामाणिक होती, हे आधी सांगितले पाहिजे. नंतरच्या बलोपासकांच्या लिखाणात क्लाइन यांचे चित्र खलनायकासारखे रंगवले गेले आणि ते अन्यायाचे आहे.

शंका निरसण्यासाठी त्यांनी गुडघ्याची बाजूची हालचाल मोजणारे एक उपकरण तयार केले. पूर्ण बैठका मारणारे १२८ भारोत्तोलक आणि तसा व्यायाम न करणारे ३८६ जण त्यांनी तपासले. भारोत्तोलकांचे अस्थिबंध अधिक सैल आढळले. १९६१ साली त्यांनी हे निष्कर्ष पुनर्वसनशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि सुचवले की पूर्ण बैठक टाळावी, मांडी जमिनीला जेमतेम समांतर होईपर्यंतच खाली जावे. बैठकच मारू नका, असे त्यांनी म्हटले नव्हते. गुडघा वाकवण्यासाठी नसतो, हे तर मुळीच म्हटले नव्हते. निबंध ते शीर्षक हा प्रवास एका वर्षात झाला आणि त्यात 'कोठपर्यंत' हा शब्द वाटेत पडला.

आता या निबंधाकडे आपण निबंध म्हणूनच पाहू. दोन गट एकाच वेळी तपासले आणि त्यांच्यात फरक आढळला, यावरून तो फरक बैठकीने घडवला असे म्हणता येत नाही. मुळात सैल सांध्यांची माणसे उकिडव्या स्थितीत सहज जातात आणि म्हणूनच त्या खेळात टिकतात, हेही तितकेच संभवते. त्यासाठी एकाच माणसाचा गुडघा व्यायामापूर्वी व व्यायामानंतर मोजायला हवा. दुसरे, उपकरण हाताने चालवायचे होते. किती जोराने दाबायचे हे तपासणाऱ्याच्या हातात, आणि समोरचा माणूस कोणत्या गटातला हे तपासणाऱ्याला ठाऊक असेल तर तो हात निःपक्षपाती राहील याची हमी कोणी द्यावी? अप्रामाणिकपणाचा आरोप आम्ही करत नाही. अपेक्षेचे वजन बोटांत कसे उतरते, ते उतरवणाऱ्याला कळत नाही. तिसरी गोष्ट साहित्याच्या वाचकाला लगेच जाणवेल. 'सैल' हा शब्द निबंधात मोजमाप म्हणून येतो आणि वाचकाच्या मनात दुखापत होऊन बसतो. सैलपणा आणि इजा यांच्यामधली पायरी कोणी मोजलीच नव्हती.

तरीही सल्ला पसरला. शाळा-महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणातून पूर्ण बैठक हद्दपार होऊ लागली. फुटबॉलचे प्रशिक्षक अर्ध्या, पाव बैठकीवर आले. विरोध झाला तो बलोपासकांच्या मासिकांतून. 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' मासिकात वैद्यकीय सदर लिहिणारे डॉ. जॉन पुलस्कॅम्प यांनी १९६४ साली पूर्ण बैठकीची बाजू घेतली. पण लोखंड उचलणाऱ्यांच्या मासिकाला विद्यापीठात कोण विचारतो! त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे पॉवरलिफ्टिंगची पहिली मोठी स्पर्धा भरली आणि या नव्या खेळाने बैठकीसाठी जो नियम पुढे पक्का केला, तो असा की मांडीचा वरचा भाग, नितंबाच्या घडीपाशी, गुडघ्याच्या माथ्याखाली गेलाच पाहिजे. न गेल्यास उचल बाद. तीच समांतर रेषा एका दालनात 'याच्या खाली जाऊ नका' अशी लिहिली होती आणि शेजारच्या दालनात 'याच्या खाली गेल्याशिवाय मोजणार नाही' अशी. एका देशात, एकाच दशकात.

पडताळणीला दहा वर्षे लागली. १९७१ साली मायर्स यांनी आठ आठवड्यांच्या व्यायामक्रमाने तोच प्रश्न तपासला. काही जणांना पूर्ण बैठक, काही जणांना अर्धी, आणि मोजायला क्लाइन यांच्याच पद्धतीचे उपकरण. अस्थिबंधांच्या सैलपणात अर्थपूर्ण फरक पडला नाही. १९८६ साली स्टाइनर व सहकाऱ्यांनी व्यायामाच्या लगेच आधी व लगेच नंतर गुडघ्याची पुढे-मागे होणारी हालचाल मोजली. बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या आणि लांब पल्ल्याचे धावणाऱ्यांच्या गुडघ्यांत ती १८ ते २० टक्क्यांनी वाढली होती. पॉवरलिफ्टिंगच्या बैठका मारणाऱ्यांच्या गुडघ्यांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजे सैलपणा हाच दोष धरायचा तर बंदी प्रथम बास्केटबॉलवर घालावी लागली असती! १९८९ साली चँडलर, विल्सन व स्टोन यांनी आठ आठवडे बैठका मारणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबरच मुरलेले भारोत्तोलक व पॉवरलिफ्टरही तपासले. विद्यार्थ्यांच्या गुडघ्यांची स्थिरता घटली नाही, आणि मुरलेल्यांचे गुडघे काही चाचण्यांत इतरांपेक्षा अधिक घट्ट निघाले. १९९१ साली अमेरिकेतील बलप्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने बैठकीच्या बाजूने अधिकृत भूमिका जाहीर केली. क्लाइन यांच्या निबंधापासून हे अंतर तीस वर्षांचे आहे. तोवर अर्ध्या बैठकीवर वाढलेली मुले स्वतः प्रशिक्षक झाली होती.

मग खोल बैठक निर्धोक आहे, असे म्हणून लेख संपवावा काय? गेल्या वीस वर्षांत बलोपासकांच्या लिखाणात असेच घडते. क्लाइन खोटे ठरले, आता कितीही खाली जा! आम्हांला हे दुसरे विधान पहिल्याइतकेच उतावळे वाटते. म्हणून दोन-तीन गोष्टींकडे अधिक निवांतपणे पाहू.

पहिली गोष्ट एका फाटलेल्या कंडरेची. गुडघ्याच्या वाटीला नडगीशी जोडणारी जी कंडरा असते, ती एका भारोत्तोलकाच्या पायात भर स्पर्धेत तुटली, आणि योगायोगाने त्या उचलीचे चित्रण चालू होते. झर्निके, गारहॅमर व जोब यांनी त्या फितीवरून हिशेब मांडला आणि १९७७ साली तो प्रसिद्ध केला. बारबेल १७५ किलोंची होती. तुटण्याच्या क्षणी कंडरेवरचा ताण मात्र सुमारे १४.५ किलोन्यूटन, म्हणजे त्या माणसाच्या शरीरभाराच्या साडेसतरा पट निघाला. बारबेलच्या वजनाशी तुलना केली तर आठपटीहून अधिक. ही तफावत कोठून येते? गुडघा ही तरफ आहे, आणि वेगाने खाली येणारे वजन एकाएकी थांबवून उलटवायचे असेल तर स्नायूला त्या वजनाच्या कितीतरी पट ओढ लावावी लागते. हा निबंध आम्हांला या साऱ्या साहित्यात सर्वांत मोलाचा वाटतो. तो एकाच माणसाविषयी आहे आणि आपण एकाच माणसाविषयी आहोत हे विसरत नाही. त्यातून खोलीविषयी नियम काढता येत नाही. वेगाविषयी, झटक्याविषयी मात्र विचार करावा लागतो. तळाशी आदळून उसळी घेणे आणि तळापर्यंत सावकाश जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, मग कोन एकच का असेना.

दुसरी गोष्ट कोनाची. गुडघा जसजसा वाकतो तसतसा वाटी आणि मांडीचे हाड यांमधला दाब वाढत जातो, आणि तो काटकोनाच्या आसपास फार मोठा होतो. येथपर्यंत क्लाइन यांच्या बाजूच्या लोकांची भीती योग्य होती. परंतु त्यांनी हीच चढण पुढेही तशीच जात असणार असे गृहीत धरले. काटकोनाच्या पलीकडे मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा स्वतःच मांडीच्या हाडाला टेकते आणि दाबाचा काही वाटा उचलते. टेकणारे क्षेत्र वाढते. अगदी तळाशी मांडी पोटरीला भिडते आणि तीही थोडा भार पेलते. हार्टमन व सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरील साहित्याचा जो आढावा घेतला, त्यात आणखी एक साधी गोष्ट ठळक केली. पाव बैठकीत माणूस पूर्ण बैठकीपेक्षा कितीतरी अधिक वजन घेऊ शकतो, आणि घेतोच. म्हणजे सुरक्षिततेसाठी खोली कमी केली की बारबेलवर चकत्या वाढतात. ही वाढ गुडघ्याला आणि पाठीच्या कण्याला सोसावी लागते. अर्ध्यावर थांबणारा तरुण स्वतःला सावध समजतो आणि दुप्पट वजनाखाली उभा असतो, हे दृश्य कोणत्याही व्यायामशाळेत पाहता येईल.

याच व्यायामशाळांत आणखी एक सूत्र ऐकू येते. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. २००३ साली फ्राय, स्मिथ व शिलिंग यांनी सात अनुभवी व्यायामपटूंपुढे फळी उभी करून त्यांच्या गुडघ्यांना बोटांपुढे जाऊ दिले नाही, आणि फरक मोजला. गुडघ्यावरचे आघूर्ण सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७वर आले, म्हणजे पाचव्या हिश्श्याने घटले. पण कमरेच्या सांध्यावरचे २८वरून ३०३वर गेले, दहापटीहून अधिक. गुडघ्याचे ओझे शरीराबाहेर जात नाही, ते शेजाऱ्याच्या अंगणात टाकले जाते.

आता टेक्सासहून लाहोरला जायचे आहे. या वळणाचे कारण केवळ आपलेपणाचे नाही. क्लाइन यांच्यापुढे जो प्रश्न होता तो, 'खोल वाकण्याने गुडघा बदलतो काय?', सत्तर वर्षांपूर्वी हिंदुस्थानात विचारला गेला होता. विचारणारा वजने उचलणाऱ्यांकडे पाहत नव्हता. तो हाडांकडे पाहत होता. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे रिचर्ड हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर एक निबंध प्रसिद्ध केला. घोट्यापाशी आणि गुडघ्यापाशी त्यांना युरोपीय हाडांत सहसा न दिसणाऱ्या खुणा दिसल्या, आणि त्यांचा संबंध त्यांनी उकिडवे बसण्याच्या सवयीशी जोडला. शरीर ज्या स्थितीत रोज ठेवले जाते तिच्यासाठी हाड स्वतःला घडवते, हे त्यांचे निरीक्षण आजही टिकून आहे. पुरातन सांगाडे तपासणारे संशोधक आजही अशा खुणांवरून ती माणसे कशी बसत असतील याचा अंदाज करतात. येथवर ठीक. पण त्यांना अशा खुणा अर्भकांच्या हाडांतही आढळल्या, आणि १८९४च्या पुढच्या निबंधात त्यांनी मिळवलेले गुण वारशाने उतरतात या मताकडे उडी घेतली. निरीक्षण खरे, अनुमान लंगडे. क्लाइन आणि चार्ल्स यांच्यात दोन खंडांचे आणि जवळपास सात दशकांचे अंतर आहे, तरी दोघांची चाल आम्हांला एकच वाटते. एका गटात फरक दिसला, गटाची एक सवय डोळ्यांत भरली, आणि दोहोंमध्ये रेघ ओढली गेली.

क्लाइन यांच्या काळात आपल्याकडे बैठकीविषयी ग्रंथांची वाण नव्हती. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला मराठी व्यायाम ज्ञानकोश तोवर प्रसिद्ध झाला होता आणि १९५० साली त्याच विषयावरचा त्यांचा इंग्रजी कोशही निघाला होता. तालमीतील बैठक ही बारबेलच्या बैठकीहून वेगळी आहे. टाचा उचललेल्या, गुडघे बोटांच्या खूप पुढे गेलेले, नितंब टाचांवर टेकलेले, आणि वजन केवळ स्वतःचे. संख्या मात्र शेकड्यांत. आजच्या व्यायामशाळेतील बहुतेक सूत्रे ती एका वेळी मोडते. तरी तिच्या जोरावर वस्तादांनी आपली परंपरा सर्वस्वी निर्दोष ठरवू नये, असे आम्हांला वाटते. पिढ्यान्पिढ्या चालत आले म्हणून ते सोसले असा अर्थ होत नाही. ज्यांचे गुडघे गेले ते आखाड्यातून घरी गेले आणि परंपरेने त्यांची मोजदाद ठेवली नाही.

अशी मोजदाद अन्यत्र झाली, पण ती उकिडवे बसण्याची. बीजिंगमधील वृद्धांच्या गुडघ्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना पंचविशीत रोज किती वेळ उकिडवे बसत असत असे विचारले गेले आणि आजच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे घेतली गेली. रोज तीन तास किंवा अधिक बसणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळले. आठवणीवर विसंबलेला अभ्यास आहे, त्याच्या मर्यादा आहेतच. परंतु चुलीपुढे, शेतात, धुण्याच्या दगडाशी आयुष्य काढलेल्या आपल्या बायकांचे गुडघे आठवले की तो हसण्यावारी नेता येत नाही. आणि येथे मराठीचे ते दोन शब्द कामाला येतात. तीन तास उकिडवे बसणे आणि पाच वेळा खाली बसून उठणे यांत गुडघ्याचा कोन एकच असतो, पण कूर्चेला मिळणारा अनुभव एक नसतो. एकीत दाब साचून राहतो, दुसरीत येतो आणि जातो. तरीही संधिवात झालेल्या आजीला वैद्याने सांगितलेले 'खाली बसू नका' हे पथ्य तिच्या वीस वर्षांच्या नातवाने बैठकीविषयीचा शरीरशास्त्रीय नियम म्हणून उचललेले आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. तिचे पथ्य तिच्या रोगासाठी आहे, आणि तिने ते पाळावे.

राहिले भारोत्तोलक स्वतः. त्यांच्या म्हातारपणाचा शोध फिनलंडमध्ये कुयाला व सहकाऱ्यांनी घेतला, १९९५ साली. एकेकाळी देशासाठी खेळलेले, आता ४५ ते ६८ वर्षांचे झालेले ११७ पुरुष त्यांनी तपासले. गुडघ्याचा संधिवात नेमबाजांत ३ टक्के, धावपटूंत १४, फुटबॉलपटूंत २९ आणि भारोत्तोलकांत ३१ टक्के आढळला. पूर्ण बैठकीच्या समर्थकांच्या लेखांत हा आकडा आम्हांला क्वचितच दिसला. विरोधकांच्या लेखांत दिसतो, पण त्याच निबंधातले पुढचे वाक्य तेथे नसते. फुटबॉलपटूंचा धोका जुन्या दुखापतींशी जोडलेला होता आणि भारोत्तोलकांचा बऱ्याच अंशी शरीराच्या जादा वजनाशी, असे संशोधकांनी नोंदवले होते. गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून करायच्या कामाचाही हात त्यांना दिसला होता. शिवाय या माणसांची उमेदीची वर्षे साधारणतः चाळीस ते साठच्या दशकांतली, म्हणजे स्प्लिट पद्धत मागे पडून स्क्वॉट पद्धत येत होती नेमक्या त्या संधिकालातली. त्या ३१ टक्क्यांत एक पाय मागे टाकणारे आहेत आणि पूर्ण खाली बसणारेही आहेत, आणि दोघांची नोंद 'भारोत्तोलक' या एकाच रकान्यात झाली आहे.